अबोल्याला बत्ती नाही

खाणीत उतरायचं तर आधी बत्तीताईची खिडकी आणि मग माणसांना दोरावर खाली सोडणारा पिंजरा. पिंजऱ्याची भीती फक्त नव्या माणसाला वाटायची. खिडकीची सगळ्यांना.

खिडकी म्हणजे भिंतीतलं एक चौकोनी भोक आणि त्याखाली लोखंडी फळी, पिढ्यानपिढ्यांच्या कोपरांनी गुळगुळीत झालेली. आत लांबट खोली. भिंतीभर मांडण्या आणि त्यांवर ओळीने चार्जिंगला लावलेल्या, टोपीला अडकवायच्या बत्त्या. बत्तीवर नंबर, माणसाच्या पितळी बिल्ल्यावरही तोच नंबर. माणसाने बिल्ला फळीवर ठेवायचा, बत्तीताईने तो पाटीवरच्या खिळ्याला अडकवून बत्ती द्यायची. पाळी सुटली की उलटा व्यवहार. पाटीवर बिल्ला लटकतोय याचा अर्थ माणूस अजून जमिनीच्या पोटात आहे. पाटी रिकामी होईपर्यंत बत्तीताई खुर्चीला पाठ टेकत नसे. माणसं तिच्या डोक्यात नंबरानेच बसलेली. एका लग्नात तिने नवऱ्यामुलाच्या बापाची ओळख "हे आमचे दोनशे सात" अशी करून दिली होती आणि दोनशे सातांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

भीती वाटायची ती मात्र यामुळे नाही. बत्तीताईचा स्वतःचा एक कायदा होता आणि तो कुठल्याही नियमपुस्तकात नव्हता. एका पाळीतल्या दोघांचा अबोला असेल, तर ते एकमेकांशी बोलेपर्यंत दोघांनाही बत्ती नाही. भांडण मिटवा असं ती कधी म्हणाली नाही. भांडा, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करा, पण तोंड उघडा. दोन साडूंचं सामाईक भिंतीवरून वाजलं होतं, तेव्हा दोघं अख्ख्या पाळीसमोर खांबासारखे उभे राहिले. शेवटी थोरला धाकट्याच्या बुटाकडे बघून म्हणाला, "नाडी सुटलीय." धाकटा म्हणाला, "दिसतंय मला." बत्तीताईने दोन बत्त्या पुढे सरकवल्या. एवढं पुरे होतं.

हा कायदा कुठून आला ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यावर वाद नव्हता. तिचा नवरा खाणीत छत कोसळून गेला. छताची कुरकुर त्याच्या जोडीदाराला आधी ऐकू आली होती, पण दोघांचं बोलणं बंद होतं. तो ओरडला, पण एक श्वास उशिरा. 'कशाला हाक मारू' असं त्या एका श्वासात मनात येऊन गेलं, हे त्याने स्वतःच तिच्या दारात येऊन रडत सांगितलं आणि पुढे तो गाव सोडून गेला. बत्तीताईने त्याला शिव्याशाप दिले नाहीत. कडेवरची मुलगी शेजारणीकडे ठेवून ती नवऱ्याच्या जागी कामावर लागली. पहिल्याच दिवशी खिडकीशी दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे दिसले आणि तिने बत्ती हातातच ठेवली. तेव्हापासून कितीतरी मॅनेजर आले नि गेले. प्रत्येकाने एकदा तिला नोटीस देऊन पाहिली. प्रत्येक वेळी पाळी फाटकाशी मुकाट उभी राहिली आणि नोटीस मागे गेली. कुणाला हा वेडेपणा वाटत असेल तर खुशाल वाटो. कुणी हाक मारली नाही म्हणून त्या खाणीत पुन्हा माणूस मेला नाही.

तर अशी ही बाई. आता तिच्या नात्यातल्या दोन पुरुषांबद्दल सांगायला हवं, कारण घोळ त्यांनीच घातला.

एक तिचा धाकटा भाऊ. खाणीत वाढला, युनियनमध्ये बोलायला शिकला आणि निवडून राजधानीतल्या सभागृहात गेला. सगळे त्याला मेंबर म्हणत, ती मात्र छोट्याच. दुसरा युनियनचा अध्यक्ष. घोषणा देऊन देऊन आवाज कायमचा बसलेला, म्हणून घोगऱ्या. दोघं एका बाकावरचे, एका पाळीतले. छोट्याला दर निवडणुकीत निवडून आणलं ते घोगऱ्यानेच, दारोदार फिरून. शिवाय बत्तीताईची ती कडेवरची मुलगी मोठी होऊन घोगऱ्याच्याच घरात सून म्हणून गेली होती.

"विहीणबाई, तुमच्या भावाला निवडून द्यायचं आणि तुमच्या लेकीच्या हातचं खायचं, दोन्ही शिक्षा माझ्याच नशिबात," तो खिडकीशी म्हणायचा.

"पुढे सरका व्याहीबुवा, मागचे खोळंबलेत," ती म्हणायची.

मग तो उन्हाळा आला.

ऊन तिथे नवं नव्हतं, पण या वेळच्याला ऊन म्हणायची सोय नव्हती. डांबर बुटाला चिकटून येत होतं, नळाचं पाणी हाताला चटका देत होतं. भर दुपारी पहिली पाळी वर आली. पिंजऱ्याचं दार उघडलं, माणसं उजेडात जेमतेम चार पावलं चालली आणि पुढचा कोसळला. त्याला उचलायला वाकलेला कोसळला. पलीकडे कोळसा निवडायच्या शेडमधून बायकांचा ओरडा उठला. खाणीतल्या माणसाला कोसळणाऱ्या माणसाचा एकच अर्थ माहीत असतो: गॅस. भोंगा वाजला. बचाव पथक तोंडावर मुखवटे चढवून धावलं. छोट्या त्या दिवशी गावात होता, त्यानेही चढवला. घोगऱ्यानेही चढवला. आणि मग बत्तीताईने खिडकीतून जे पाहिलं ते तिला कधी नीट सांगता आलं नाही. उघड्या आभाळाखाली, चहूकडे वारा मोकळा असताना, धडधाकट माणसं गॅस मोजायची यंत्रं पुढे धरून गॅस शोधत फिरत होती. यंत्रं काही दाखवत नव्हती. माणसं ती झटकत होती, आपटत होती, पुन्हा धरत होती. मुखवट्यांच्या आत भाजून निघत होती, पण मुखवटा काढायची कुणाची छाती नव्हती. घोगऱ्या मुखवट्यासकट आडवा झाला. तेवढ्यात दवाखान्यातली डॉक्टरीणबाई अनवाणी पळत आली आणि किंचाळली, "काढा ती सोंगं! कसला गॅस? ऊन आहे, ऊन! पाणी ओता त्यांच्यावर!"

शेडमधली सगळ्यात म्हातारी बाई आणि जमिनीवरच्या कामातले दोघे गेले. बाकीचे वाचले. घोगऱ्या वाचला. छोट्या मात्र त्या दिवसापासून गप्प झाला.

सभागृहात एक कायदा कधीचा लोंबकळत होता. कोळशाच्या धुराने हवा तापत चाललीय, म्हणून धुरावर मर्यादा घालायची, कोळसा कमी करत न्यायचा, खाणी ठरलेल्या मुदतीत बंद करायच्या. दोनदा आला, दोनदा पडला. पाडणारे कोळशाच्या भागातले मेंबर, मग पक्ष कुठलाही असो, आणि त्यांच्या सगळ्यांपुढे छोट्या. त्याची भाषणं रेडिओवर लागली की लोक बत्तीघराच्या फळीवर थापा मारून दाद देत. शहरातल्या पेपरांनी त्याला आडमुठा ठरवलं होतं. ते लिहिणाऱ्यांच्या डोक्यावरचे पंखे याच कोळशावर गरगरत होते, पण ते जाऊ द्या. आता कायदा तिसऱ्यांदा आला होता, सरकारला काठावरची मतं कमी पडत होती, आणि छोट्याने जाहीर करून टाकलं की या वेळी तो बाजूने मत देणार.

गावात जणू स्फोट झाला. त्याच्या दारावर कुणीतरी डांबर फासलं. पक्षाच्या कचेरीतली त्याची खुर्ची रस्त्यावर आली. घोगऱ्याने घरात बजावलं की मेंबरचं नाव या घरात निघता कामा नये. लेक आईकडे आली आणि दारातच रडायला लागली. "आई, मामाच्या बाजूने बोलू की सासऱ्यांच्या?"

"आधी आत ये. जेवलीस का?"

"तू सांग ना, बरोबर कोण?"

बत्तीताईला ते सांगता येईना, आणि तिच्यासारख्या फटकळ बाईला हा मोठाच अपमान होता. तिने मुखवटे घालून फिरणारी माणसं पाहिली होती, म्हणून छोट्याचं तिला पटत होतं. पण घोगऱ्याचा थोरला भाऊ पलीकडच्या खोऱ्यातल्या खाणीत होता. ती खाण बंद झाली तेव्हाही सरकारने सगळ्यांना काम द्यायचं कबूल केलं होतं. एक प्रशिक्षण केंद्र बांधलं, त्याचं उद्घाटन झालं, त्याला कुलूप लागलं. तो थोरला भाऊ आता रोज अंघोळ करून, भांग पाडून बसथांब्यावर जाऊन बसतो. बस येते, जाते. तो चढत नाही. हे बत्तीताईने स्वतः पाहिलं होतं, म्हणून घोगऱ्याचंही तिला पटत होतं. एवढं मात्र तिला लख्ख कळत होतं की हे दोघं असेच तुटले, तर छोट्या राजधानीत मत देईल तो या गावाचा कुणीच नसलेला माणूस म्हणून, आणि तिच्या लेकीला जन्मभर माहेर उरणार नाही.

अधिवेशनाआधी एकदा पहिल्या पाळीबरोबर खाली उतरून यायचं, हा मेंबर झाल्यापासून छोट्याचा शिरस्ता होता. या वेळी तो येणार नाही अशी सगळ्यांची खात्री होती. तो आला. जुने बूट, जुनी टोपी, जुना बिल्ला. त्याच्यापुढे आपोआप वाट झाली, ती आदराने नव्हे, अंगाला अंग लागू नये म्हणून. रांगेत नेमका घोगऱ्याच्या मागे तो उभा राहिला.

घोगऱ्याने बिल्ला फळीवर ठेवला. "विहीणबाई, बत्ती."

बत्तीताईने बिल्ल्याला हात लावला नाही. "आधी बोला."

"कुणाशी?"

"मागे उभा आहे त्याच्याशी."

घोगऱ्याने मान न वळवता म्हटलं, "नमस्कार, मेंबरसाहेब. झालं? द्या."

"साहेब इथे कुणी नाही. ते तिकडे ऑफिसात बसतात. नीट बोला."

"विहीणबाई, तमाशा नको. ही तुमची घरची भानगड आहे."

"घरची असती तर घरी लाटणं घेऊन सोडवली असती. तुम्ही दोघं एका पिंजऱ्यातून खाली जाणार आहात. बोला."

भोंगा झाला. कुणी हललं नाही. घोगऱ्या आपल्या तुकडीचा म्होरक्या, त्याच्याशिवाय तुकडी उतरायची नाही, आणि पहिली तुकडी उतरल्याशिवाय मागची उतरायची नाही. मॅनेजर तणतणत आला, खिडकीकडे बघितलं, माणसांकडे बघितलं आणि दाराच्या चौकटीलाच थांबला. शहाणा होता.

शेवटी घोगऱ्या वळला. त्याचा तो फाटका आवाज, पण त्या शांततेत शेवटच्या माणसापर्यंत गेला.

"माझा भाऊ तू पाहिलायस?"

"पाहिलाय."

"मग मला सांग, खाण बंद झाल्यावर मी कुठल्या थांब्यावर बसू?"

छोट्याने कागद काढला नाही, भाषण केलं नाही. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "खाण बंद करायच्या आधी काम द्या, काम मिळेपर्यंत पगार द्या, असं लिहून मागितलं. काम त्यांनी लिहिलं. पगारापुढे 'शक्य तेवढा' असं लिहिलं. मी भांडलो. तेवढंच मिळालं."

"शक्य तेवढा!" मागून कुणीतरी थुंकल्यासारखं म्हणालं.

"मग एवढ्यावर आमचा गळा कापायला निघालास?" घोगऱ्याने विचारलं.

"त्या दिवशी तू मुखवट्यात पडलास," छोट्या म्हणाला. त्याचा आवाज थरथरत होता, आणि सभागृह गाजवणाऱ्या माणसाचा आवाज थरथरताना तिथे कुणी ऐकला नव्हता. "मी यंत्र आपटत होतो. वाटत होतं, निदान गॅस तरी निघू दे. गॅस निघाला असता तर मला पुढचं येत होतं. तुला उचलायचं, पंखे लावायचे, खाणीचं तोंड बंद करायचं. ते यंत्र काहीच दाखवेना, घोगऱ्या. वर आलेल्या माणसाला आणखी कुठे वर न्यायचं? माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. पण विरुद्ध मत देऊन मला ते दिसलंच नाही असं म्हणायचं, हे माझ्याच्याने होत नाही."

आत चार्जरची बारीक गुणगुण तेवढी चालू होती. बत्तीताई फळी धरून उभी होती. इतकी वर्षं तिने माणसांना तोंड उघडायला लावलं, पण तोंडातून असं काही बाहेर पडलेलं तिने ऐकलं नव्हतं. समोर टोप्यांची रांगच रांग, प्रत्येकाचं घर, पोरं, म्हातारी माणसं या एका मतावर टांगलेली. आणि एकाचाही हात उठत नव्हता, एकही जागचा हलत नव्हता. सगळे ऐकत होते. ज्याने आपली भाकरी काढून घ्यायचं कबूल केलं त्याचं ऐकून घेत होते. देवळात बसून जे तिला कधी वाटलं नव्हतं ते तिला त्या कोंदट खोलीत वाटलं. अंगावर काटा आला आणि डोळे भरून आले, आणि डोळे भरून आल्याचा तिला भयंकर राग आला.

घोगऱ्याने घसा खाकरला. "मी तुला पाडणार."

"पाड."

"साधंसुधं नाही. डिपॉझिट जप्त करीन."

"कर."

"माझ्या घरातलं एक मत तुला पडणार नाही. हिच्या लेकीचंसुद्धा नाही."

"तिचं तिला ठरवू द्या," बत्तीताई आतून कडाडली, आणि रांगेत कुठेतरी कुणाला तरी हसू फुटलं, ते दाबेपर्यंत शेजाऱ्याला लागलं.

"आणि कायदा झालाच," घोगऱ्या बोट रोखून म्हणाला, "तर त्या 'शक्य तेवढा'च्या मागे मी स्वतः लागणार. तुझ्या भरवशावर सोडणार नाही. तू तिथे मऊ झालायस."

"ते मात्र कबूल," छोट्या म्हणाला.

बत्तीताईने बिल्ला उचलून खिळ्याला अडकवला. मग भावाचा. दोन बत्त्या फळीवर आल्या. दोघांनी कमरेचे पट्टे आवळले आणि बाहेर पडले.

तिने कधी केलं नव्हतं ते तिने त्या सकाळी केलं. मदतनिसाला खिडकीवर बसवून ती पिंजऱ्यापर्यंत चालत गेली. तुकडी आत शिरली. दाटीत घोगऱ्या आणि छोट्या खांद्याला खांदा घासून उभे होते, दुसरी जागाच नव्हती. दार पडलं, घंटा झाली आणि पिंजरा निघाला. आधी चेहरे गेले, मग टोप्या, मग बत्त्यांचे ठिपके, आणि मग फक्त पोलादी दोर राहिला, सरसरत खाली, आणखी खाली. केवढं खोल असतं ते! रोज नंबर मोजणाऱ्या बाईला त्याचा अंदाज त्या दिवशी पहिल्यांदा आला. एवढ्या अंधारात ही माणसं जातात ती शेजारचा हाक मारेल एवढ्याच भरवशावर. त्यातल्या दोघांनी आत्ताच एकमेकांना संपवायचं जाहीर केलं होतं, आणि खाली छत कुरकुरलं तर त्यातला कुणीही एका श्वासाचा उशीर करणार नव्हता, याची तिला खात्री होती. दोर थांबला तरी ती हलली नाही. पिंजरेवाला म्हणाला, "ताई, उन्हात उभ्या राहू नका," तेव्हा कुठे ती वळली.

मतदान झालं त्या दिवशी बत्तीघरात रेडिओ लावला होता. एक जण आजारी, एक जण ऐन वेळी फिरला, आकडे वर-खाली होत राहिले. कायदा झाला, अगदी काठावर. फळीवर थाप पडली नाही. कुणी शिवीही दिली नाही. बत्तीताईने आवाज बंद केला आणि पुढच्या माणसाचा बिल्ला घेतला.

पुढच्या निवडणुकीत घोगऱ्याने शब्द पाळला. दारोदार फिरला, या वेळी स्वतःसाठी, उरलासुरला आवाजही घालवून बसला. छोट्या पडला. डिपॉझिट तेवढं वाचलं, कारण गावात ज्यांनी त्याला मत दिलं ते लोक कुणाला वाटले होते त्याहून बरेच निघाले. ते कोण, हे कधी कुणी कबूल केलं नाही.

रविवारी सकाळी बत्तीताईच्या दारात घोगऱ्या उभा. सोबत सून. हातात सभागृहाने नव्या मेंबरला दिलेली जाडजूड पिशवी, तिचा बंद तुटलेला.

"विहीणबाई, तुमचा भाऊ इथे लपलाय असं कळलं."

"लपायला तो काय चोर आहे? मोरीत दाढी करतोय. बसा."

छोट्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आला. मग घोगऱ्याने पिशवी टेबलावर उपडी केली. कागदच कागद.

"यातलं कामाचं कुठलं?"

"काहीच नाही," छोट्या म्हणाला. "ते नियमांचं निळं पुस्तक सोडून. ते पाठ कर."

"पाठ? अख्खं?"

"मी केलं होतं. नाहीतर तो सभापती तुला तोंड उघडू देणार नाही." त्याने खुर्ची ओढली. टॉवेल खांद्यावर, अर्धा गाल पांढरा. "पगाराचा नियम पहिल्या अधिवेशनातच करून घे. नंतर विसरतात. आणि खाणमंत्र्याशी एकट्याने बोलायला जाऊ नकोस, तो चहा पाजतो आणि माणूस हो म्हणून बाहेर येतो."

"तू म्हणाला होतास?"

"दोनदा."

लेकीने आईकडे पाहिलं. बत्तीताई ओट्याशी पाठ टेकून उभी होती. हातात गाळणं, त्यातून चहा कपाबाहेर ठिबकत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. हरलेला माणूस आपलं सगळं जिंकलेल्याच्या पुढ्यात ओतत होता, आणि जिंकलेला शाळेतल्या पोरासारखा पेन्सिल शोधत खिसे चाचपत होता.

"आणि बोलायला उठायचं कसं?" घोगऱ्या विचारत होता. "हात वर करायचा?"

"हात नाही. नुसतं उभं राहायचं, तो बघेपर्यंत. आणि ओरडायचं नाही."

"ओरडल्याशिवाय ऐकतात?"

"नाही. पण ओरडलं तरी ऐकत नाहीत."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं," छोट्या म्हणाला, आणि बाहीने गालावरचा साबण पुसून त्याने निळं पुस्तक उघडलं.